मालगाडीत टाकलेलं

"त्या बाईंचं म्हणणं असं की खालची कवळी," एवढं बोलून तो थांबला. हातातली कपबशी तशीच हवेत धरून त्यानं नजर खिडकीकडे लावली आणि वाट बघत बसला. कशाची वाट, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दिवस मावळायच्या सुमाराला खिडकीखालून लांबलचक मालगाडी जायची, आणि ती जाईपर्यंत जिभेवरचा शब्द जिभेवरच ठेवायचा, हे त्याला चालायला यायच्या आधी आलं होतं. आता मालगाडी नव्हती. रूळ नव्हते. खिडकीखाली नगरपालिकेनं केलेली बाग होती आणि तिच्यात कुणाचं तरी पोर झोपाळ्यासाठी रडत होतं. तरी त्याचं वाक्य रोजच्या वेळेला मधूनच तुटलं, आणि ते तुटलेलं असताना बायको म्हणाली, "मी रविवारी लेकीकडे जाते. आता तिकडेच राहीन म्हणते." तो खिडकीकडेच बघत होता. मनातल्या मनात मालगाडीची एकेक वाघीण त्यानं जाऊ दिली, शेवटी गार्डाचा डबाही जाऊ दिला, आणि मग वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचललं. "बोलताना वर उचलली जाते." बायकोनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, हातातली कपबशी काढून घेतली आणि ती आत विसळायला गेली. नळाचं पाणी सुरू झालं तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी सांगितलं गेलंय. आणि नंतर, भांड्यांचा आवाज थांबल्यावर, दुसरी गोष्ट लक्षात आली, ती पहिलीपेक्षा जास्त लागली. गाडीच्या वेळात या घरात दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून आजवर कुणी बोललं नव्हतं. बायको बोलली. ती थांबली नाही.

गल्लीला लोक रुळांची गल्ली म्हणायचे. एका अंगाला तिमजली घरांची रांग, दुसऱ्या अंगाला मालधक्क्याचं आवार, आणि मध्ये एक भिंत, तीही नावाला. दिवसभर वाघिणी जोडायचं-सोडायचं काम चालायचं, त्याच्या धडका पायांतून वर चढायच्या. फडताळातले पेले एकमेकांना लागू नयेत म्हणून आई त्यांच्यामध्ये जुन्या कापडाच्या चिंध्या खोचायची. भिंतीवरची तसबीर कितीही सरळ केली तरी संध्याकाळपर्यंत एका खांद्यानं खाली यायची. नवखा माणूस आला की गाडीच्या आवाजावर ओरडून बोलायचा प्रयत्न करायचा, त्याच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि गल्लीतली माणसं त्याच्याकडे कीव करून बघायची. गल्लीतली माणसं थांबायची. "गाडी जाऊ दे," एवढं हातानंच सांगायचं, आणि गाडी गेली की अर्ध्यावर सोडलेल्या शब्दाचा उरलेला भाग बोलायचा. भांडणंसुद्धा तशीच व्हायची. आईनं मारायला उगारलेला हात गाडी येताच हवेत थांबायचा, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तो कशासाठी उगारला होता हे तिचं तीच विसरून जायची. असे किती तरी मार त्याचे वाचले. पुढं शाळेत, जिथं गाडी नव्हती, तिथं तो बोलता बोलता थांबायचा आणि मास्तर म्हणायचे, दिवा विझला का रे डोक्यातला. पोरं हसायची. त्याला मात्र न थांबता बोलणाऱ्या माणसांची भीती वाटायची. ही माणसं बोलतच राहतात, यांना मध्ये कुणी अडवत नाही, मग यांच्या तोंडून काय काय बाहेर पडत असेल, असं त्याला वाटायचं, आणि ती भीती त्याच्या मनातून कधी पुरती गेली नाही.

वडील कापडाच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडायचे, "हो बाईसाहेब, नाही बाईसाहेब" करायचे, मालकानं सगळ्यांदेखत पाणउतारा केला तरी हूं की चूं करायचे नाहीत. घरी येऊन हातपाय धुवायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. मालगाडी आली, घर हलायला लागलं की गजांना धरून वडील तोंड उघडायचे, आणि त्या तोंडातून काय निघायचं ते देवालाच ठाऊक, कारण कानांत धडधडीशिवाय दुसरं काही शिरतच नसे. मान लाल व्हायची. डोळे बाहेर यायचे. मालक, मालकाचा मेव्हणा, घासाघीस करून काहीच न घेता जाणाऱ्या बायका, सगळ्यांचा उद्धार त्या गाडीवर चढवला जायचा. गाडी गेली की वडील वळायचे, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ, आणि विचारायचे, "आज भाजी काय?" आई म्हणायची, "टाकलंत का?" गल्लीत याला मालगाडीत टाकणं म्हणत. घराघरांतले बाप्ये हेच करायचे. कुणी नोकरीतला राग टाकायचा, कुणी भावाशी मिटत नसलेलं भांडण टाकायचा, आणि तळमजल्यावरचा मुका समजला जाणारा शिंपी तर गाडी आली की दारात येऊन भाषण दिल्यासारखे हातवारे करायचा. बायका मात्र असलं काही करायच्या नाहीत. गाडी आली की कधी कधी आई हातातलं काम टाकून मागच्या खिडकीत जायची, गल्लीच्या त्या टोकाच्या काकू त्यांच्या खिडकीत यायच्या, आणि दोघी तोंड हलवत एकमेकींकडे बघत उभ्या राहायच्या. काहीतरी चघळत असतील असं त्याला वाटायचं. बायकांकडे टाकण्यासारखं काही नसतं, अशीच त्याची समजूत होती.

तो मोठा झाला, कवळ्या बनवायच्या कामात शिरला. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की माणसाचा जबडा टेबलावर हजर. त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का बघायचं. काम एका जागी बसून करायचं, बोलायची गरज नाही, आणि तोंडं सगळी गप्प. त्याला ते मानवलं. मग लग्न झालं. बायको आली ती लांबच्या शांत गावातून, आणि पहिल्या संध्याकाळी मालगाडी आली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी ओटा धरला. आई हसली. तोही हसला. शेजारच्या खोलीत आईवडील, मध्ये पडदा, त्यामुळे नव्या बायकोशी बोलायचं म्हणजे जिवावर यायचं. कुजबुजलं तरी पलीकडून वडिलांचा खोकला ऐकू यायचा. मग एके दिवशी गाडी आल्यावर तो स्वैपाकघरात गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, तू मला फार आवडतेस. घर हलत होतं. त्याचाच आवाज त्याला ऐकू आला नाही. तो म्हणत गेला. तुझी मान सुंदर आहे, तू हसतेस तेव्हा मला घाईघाईनं घरी यावंसं वाटतं, आज दिवसभर मी एकही दात धड बसवला नाही. पुस्तकातसुद्धा कुणी बोललं नसेल असं काय काय तो बोलला. ती मध्येच वर, मध्येच खाली बघत होती, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. गाडीला भ्यायली असेल, असं त्याला वाटलं. त्या वर्षी तो रोज काही ना काही बोलायचा, आणि ती रोज त्या वेळेला नेमकी ओट्याशी असायची, तोंड त्याच्याकडे करून. योगायोग, असं तो म्हणायचा. फार सुखाचं वर्ष होतं ते. हे त्याला आता कळत होतं, तेव्हा फक्त भूक चांगली लागायची.

चांगलं बोलणं कधी आटलं ते सांगता येत नाही. लेक झाली, वडील गेले, जागा तेवढीच राहिली. मग आईनं अंथरूण धरलं आणि ते धरणं वर्षानुवर्षं लांबलं. बायको आईचं सगळं करायची. हागणंमुतणं काढायची, केस विंचरायची, भरवायची. तो कामावरून यायचा तेव्हा घरात औषधांचा आणि ओल्या कपड्यांचा वास असायचा, लेक किरकिरत असायची, आणि या सगळ्याचा राग कुणावर काढायचा हे त्याला समजत नसे. आईवर काढता येत नव्हता. लेकीवर काढवत नव्हता. गाडी आली. तो सवयीनं स्वैपाकघरात गेला, बायको सवयीनं वळली, आणि तो म्हणाला, तू या घरात आलीस आणि सगळं बिघडलं. तू जा. एकदाची जा इथून, म्हणजे मी सुटेन. बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की तो स्वतःच चकित झाला. छातीवरून कुणीतरी मोठं ओझं उचलून गाडीवर ठेवलं होतं आणि ते ओझं आता शहराबाहेर चाललं होतं. तो जेवायला बसला, दोनदा वाढून घेतलं. बायको जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा टाकलं. पुढं ती सवयच झाली. राग नसला तरी टाकायचा. दाढी करताना माणूस जसा काही मनात न आणता वस्तरा फिरवतो तसं, जा, जा इथून, माझ्या डोळ्यांसमोरून जा, असं तो म्हणायचा आणि मग खिडकीकडे वळून उरलेले डबे बघत उभा राहायचा. मनात वाईट असं काही नसायचं. खरंच नसायचं. गाडी गेली की तो तिला विचारायचा, "दिवसभरात काही खाल्लंस का?" आणि ते विचारणंही मनापासून असायचं. आई गेली, लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली, केस पांढरे झाले, तरी मालगाडी वेळेवर येत राहिली आणि तो टाकत राहिला.

मग एका संध्याकाळी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मालधक्का शहराबाहेर हलवलाय, असं कुणीतरी सांगितलं. शेवटची गाडी कुठली होती हे कुणालाच माहीत नव्हतं, ती इतर गाड्यांसारखीच गेली असणार. आवारात गवत माजलं, भिंत पडली, मग पत्रे ठोकले, मातीचे ट्रक आले, आणि पत्रे निघाले तेव्हा आत बाग होती. जिथं रूळ होते तिथं लाल फरशीची चालायची वाट. आठवण म्हणून रुळाचा एक तुकडा फरशीत पुरून ठेवलेला. एक वाघीण पिवळ्या रंगानं रंगवून तिच्यात फुलझाडं लावलेली, आणि तिच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढायचे. गल्लीत सगळे खूश होते. स्वच्छ हवा आली, जागेला भाव आला, पोरांना खेळायला मिळालं. त्याला मात्र घरात चैन पडेनासं झालं. इतकी शांतता त्यानं जन्मात ऐकली नव्हती. आपलं स्वतःचं चावणं त्याला ऐकू यायचं. बायको पलीकडच्या खोलीत कूस बदलायची तेही ऐकू यायचं, आणि कूस बदलल्यावर ती जो श्वास सोडायची तोही. दोघं समोरासमोर जेवायला बसले की चमच्याचा आवाज एवढा मोठा व्हायचा की तो चमचा सोडून हातानं जेवू लागला. दिवसभराचं सगळं आता तोंडातच राहायचं. डॉक्टरांचे टोमणे, गुडघ्याची कळ, लेकीचा महिनाभर न आलेला फोन. काढून टाकायला जागा नव्हती. पोटात जळजळ सुरू झाली, छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. गल्लीत हातोडी नावाचा म्हातारा राहायचा. त्यानं जन्मभर वाघिणींच्या चाकांवर हातोडी मारून तडा गेलाय का ते आवाजावरून ओळखायचं काम केलं होतं, आणि आता तो काठीनं बागेतले दिवे आणि बाकं ठोकत फिरायचा. जिन्याशी भेटला तेव्हा हातोडी म्हणाला, "काय रे, झोप लागते का?" तो म्हणाला, नाही. "मलाही नाही. तुझ्या बापासारखा माणूस असता तर फुटून मेला असता या बागेपायी. आता टाकायचं कुठं, सांग?" आणि म्हाताऱ्यानं जिन्याच्या कठड्यावर काठी मारली, कान लावून ऐकलं आणि मान हलवत खाली गेला.

बायकोला बाग आवडायची. रोज संध्याकाळी ती जायची, गल्लीतल्या इतर बायका यायच्या, बाकावर बसायच्या. तो खिडकीतून बघायचा. त्या फार बोलताना दिसायच्या नाहीत, पण अधूनमधून सगळ्या एकदम हसायच्या, आणि त्याला उगीचच वाटायचं की या आपल्यालाच हसतायत. आता ती जाणार होती. त्या संध्याकाळपासून तिनं पुन्हा तो विषय काढला नाही आणि त्यानंही मूग गिळून दिवस काढले. खाटेखालची बॅग बाहेर आली. तिच्यात एकेक वस्तू जाताना दिसू लागली. हिवाळ्याची शाल गेली तेव्हा तो बॅगेकडे बघत राहिला, कारण हिवाळा लांब होता. त्यानं कामावरून लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "बाबा, मी नाही बोलावलं तिला. म्हणजे आली तर हवीच आहे, पोरं लहान आहेत, मी पुन्हा नोकरीला लागतेय. पण तिचं तिनं ठरवलंय."

"मला काही म्हणाली नाही," तो म्हणाला.

"तुम्ही तिला राहा म्हणालात का?"

"त्यात म्हणायचं काय? घर तिचंच आहे."

"बाबा, एकदा म्हणून बघा," लेक म्हणाली. "तोंडानं. तुमच्या मनात असेल तर."

मनात होतं. मनात दुसरं काही नव्हतंच. शनिवारभर तो टेबलाशी बसून होता, समोर कुणाचा तरी बिनदातांचा जबडा, आणि हातात तापवलेली सुरी. जाऊ नकोस. दोन शब्द. मेण कापता कापता तो ते मनात घोळवत होता. ती ओट्याशी असताना म्हणायचं? जेवताना? अगं ऐक, अशी सुरुवात करायची की सरळच? त्यानं प्लास्टरच्या जबड्याकडे बघून ओठ हलवले आणि आवाज काढायची वेळ आली तेव्हा ते मिटून घेतले. या जन्मात एकही महत्त्वाची गोष्ट आपण गाडीच्या आवाजाशिवाय बोललेलो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. ती गेल्यावर घर कसं असेल, हे त्यानं पहिल्यांदा नीट मनात आणलं. नळ. चमचा. दुसऱ्या खोलीत कूस बदलणारं कुणी नाही. आपला श्वास आपणच ऐकत पडायचं. सुरी घसरली आणि मेणातला पुढचा दात उखडला गेला. त्यानं तो पुन्हा बसवला नाही. काम झाकून ठेवलं आणि लवकर निघाला.

बायको बागेत जायला निघाली होती. "मीही येतो," तो म्हणाला. तिनं चपला घालता घालता वर पाहिलं आणि दार उघडलं. बागेत तो पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता. फरशीतल्या रुळाच्या तुकड्यापाशी त्याचे पाय आपोआप अडले. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मगच तो ओलांडला. ती तशीच त्याच्यावर पाय देऊन पुढं गेली होती. पिवळ्या वाघिणीपलीकडे तिचं नेहमीचं बाक होतं. शेजारच्या बाकावर गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या. त्यांनी त्याला बघून भुवया उंचावल्या आणि मान दुसरीकडे केली. दोघं बसले. समोर पोरं घसरगुंडीवर चढत होती. इथूनच, अगदी याच बाकाच्या जागेवरून, गाडी जायची. हळूहळू ऊन उतरलं आणि ती वेळ आली. घड्याळ बघायची गरज नव्हती, ते अंगातच होतं. तळपाय जमिनीकडे कान लावून बसले. जबडा ताठ झाला. छाती भरून आली, आणि कशानंच न हलणाऱ्या त्या बाकावर बसून त्यानं तोंड उघडलं.

"जाऊ नकोस!"

गाडीच्या धडधडीवर मात करायला लागेल इतक्या मोठ्यानं तो ओरडला होता. घसरगुंडीवरचं पोर वरच थांबलं. शेजारच्या बाकावरच्या दोघींनी वळून पाहिलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"हळू बोला," बायको म्हणाली. "ऐकू येतं मला." मग ती म्हणाली, "आधीचंही कळत होतं."

"आधीचं म्हणजे?"

"गाडीतलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती समोर पोरांकडे बघत होती, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलत होती. "तुमच्या आईंनी शिकवलं. लग्न होऊन आले त्याच महिन्यात. म्हणाल्या, पोरी, या गल्लीत राहायचं तर ओठ वाचायला शीक, नाहीतर या घरात काय चाललंय ते तुला कधीच कळायचं नाही. खिडकीच्या बाजूला उभं राहून सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत शिकले मी. काय शिव्या द्यायचे! आई म्हणायच्या, हा शब्द सोड, हा पुढं उपयोगाचा नाही."

"आईला येत होतं?"

"सगळ्यांना येतं. या दोघींना येतं. त्या टोकाच्या काकूंशी आई खिडकीतून काय गप्पा मारायच्या असं वाटलं तुम्हाला?"

चघळत असतील, असं वाटलं होतं. ते त्याला सांगवेना. त्याला वडील आठवले, गजांना धरून उभे, मान लाल, आणि बाजूला आई, टाकलंत का म्हणून विचारणारी. वडील मालकाच्या नावाखाली आणखी कुणाकुणाला काय काय म्हणाले असतील, आणि ते सगळं वाचून ती आज भाजी काय ते सांगत राहिली असेल. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून सगळे बाप्ये जन्मभर मोकळे होत होते, आणि ते ओझं कुठंही जात नव्हतं. ते स्वैपाकघरात उतरत होतं.

"पहिल्या वर्षी तुम्ही काय काय बोलायचात," बायको म्हणाली. "मी कामं उरकून वाट बघायचे गाडीची. कधी गाडीला उशीर झाला तर जीव कासावीस व्हायचा." ती किंचित हसली, आणि ते हसू त्याला सहन झालं नाही. "मग आईंचं आजारपण आलं आणि तुम्ही जा म्हणायला लागलात."

"ते मनापासून नव्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "शप्पथ. ते नुसतं टाकायचं म्हणून. तुला ऐकू जातंय हे माहीत असतं तर मी कधी..."

"असेल. पण माझ्याकडे बघून म्हणत होतात. इतकी वर्षं. मी म्हणायचे, लेक मोठी होऊ दे. मग म्हणायचे, आईंचं होऊ दे. गाडी बंद झाली तेव्हा वाटलं, सुटलो दोघं. आता समोर बसून बोलतील. तुम्ही कवळ्यांबद्दल बोललात."

त्याला तिचा हात धरावासा वाटला. हात बाकावर, दोघांच्या मध्ये पडलेला होता, पण तो उचलायचं बळ त्याच्यात नव्हतं. "मग तू कधी काही म्हणाली का नाहीस?" तो म्हणाला. "एवढं कळत होतं तर भांडायचंस. तोंडावर मारायचंस."

"म्हणाले की. गाडीतच म्हणाले. माझ्याही घरात माणसं होती, मला तरी दुसरी जागा कुठं होती? तुमच्यासमोर उभी राहून रोज म्हणत होते. तुमचं टाकून झालं की तुम्ही खिडकीकडे वळायचात."

"काय म्हणायचीस?"

शेजारच्या बाकावरच्या दोघी उठून गेल्या. पोरांना आया हाका मारायला लागल्या होत्या. मग ती बाकावर सावकाश वळून त्याच्यासमोर तोंड करून बसली, जशी ती ओट्याशी उभी राहायची तशी, आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. त्यानं डोळे ताणले. माणसाचं तोंड त्याच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. कुठला दात आधी झिजतो, हिरडी कुठं मागे सरते, चावा कुठं चुकतो, हे त्याला अंधारात बोट फिरवून सांगता आलं असतं. तिचा एक पुढचा दात टोकाशी तुटलेला होता. तो कधी तुटला? ओठ हलत होते, मध्येच आवळले जात होते, एकदा तिनं डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले. बरंच काही होतं ते, चार शब्दांत संपणारं नव्हतं. त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. मग ओठ थांबले आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, काही विचारून उत्तराची वाट बघावी तशी. तिनं विचारलं होतं की सांगितलं होतं, हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं.

"परत," तो म्हणाला. "हळू. परत एकदा म्हण."

तिनं आकाशाकडे पाहिलं. बागेतले दिवे अजून लागले नव्हते.

"अंधार पडला हो," ती म्हणाली. "आता तसंही दिसायचं नाही. चला, मला सकाळी लवकर निघायचंय." आणि ती उठून घराकडे चालू लागली.